बालवाडीतली हवा : खिडकी उघडायची की यंत्र घ्यायचं?

दिवाळीचे फटाके विझले की वर्तमानपत्रांत हवेच्या बातम्या सुरू होतात. नोव्हेंबर २०२४मध्ये दिल्लीतल्या शाळा ऑनलाइन कराव्या लागल्या. त्याच वर्षी ३० डिसेंबरला मुंबई महापालिकेने बोरिवली पूर्व आणि भायखळा इथली बांधकामं थांबवायला लावली. आईवडील मोबाइलवर आपल्या भागातल्या हवेचा निर्देशांक बघतात, आकडा लाल दिसला की मुलाच्या तोंडाला मास्क लावतात आणि त्याला बालवाडीत सोडून येतात. दार लागल्यावर ते मूल आत कोणती हवा घेतं, ते मात्र कुठल्याच ॲपवर दिसत नाही.

महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. खासगी बालवाड्या, नर्सरी, पाळणाघरं वेगळीच. तीन ते सहा वर्षांची मुलं तिथं रोज तीन-चार तास एका खोलीत असतात. त्या खोलीची हवा बरीचशी आपण मोठी माणसंच ठरवतो: सकाळी काय पेटवलं, झाडू कधी मारला, कुठली खिडकी कपाटामागे दडवली. म्हणून ती सुधारणंही बरंचसं आपल्याच हातात आहे, आणि त्यातलं बहुतेक काम स्वस्त आहे. सगळे हवा गाळणाऱ्या यंत्राकडे, एअर प्युरिफायरकडे धावायला लागलेत, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

खोलीतल्या हवेत असतं काय?

चार गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या तर पुढचं सगळं सोपं होतं.

पहिली, श्वास. माणूस श्वास सोडतो त्यात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो आणि सोबत सर्दी-खोकल्याचे, गोवराचे, क्षयाचे जंतूही असू शकतात. दुसरी, बारीक कण. धूर, धूळ, फोडणीचा धुरळा यांतून ते येतात. त्यांतले २.५ मायक्रॉनपेक्षा लहान असतात त्यांना पीएम २.५ म्हणतात. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज येईल. दारातून आलेल्या कवडशात जे कण नाचताना दिसतात ते याहून पुष्कळ मोठे. नाकात, घशात अडकून शिंकेवाटे बाहेर पडणारे. खरा त्रास देणारे डोळ्यांना दिसत नाहीत आणि थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात. तिसरी, रसायनांच्या वाफा: ताजा ऑइलपेंट, फिनेल, रूम फ्रेशनर, डांबराच्या गोळ्या. चौथी, ओल आणि तिच्यावर वाढणारी बुरशी.

या चारही गोष्टींवर एकच उपाय चालत नाही. लोकांची फसगत नेमकी इथंच होते.

लहान मुलांचंच एवढं काय?

मोठं माणूस शांत बसलेलं असताना मिनिटाला १२ ते २० श्वास घेतं. तीन-चार वर्षांचं मूल २० ते ३० घेतं, आणि ते शांत बसलेलं नसतंच. वजनाच्या मानाने पाहिलं तर त्याच्या अंगात आपल्यापेक्षा बरीच जास्त हवा जाते, म्हणजे त्या हवेतली घाणही. त्याची फुप्फुसं अजून घडत असतात. हवेच्या नव्या पिशव्या तयार होण्याचं मोठं काम याच वयात चाललेलं असतं.

शिवाय मूल जमिनीजवळ राहतं. आपण उभे असतो, ते सतरंजीवर बसलेलं असतं. झाडूने उडालेली धूळ खाली बसायला येते ती त्याच्याच नाकाच्या उंचीला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८च्या अहवालात हे स्पष्ट मांडलं आहे: मुलं जास्त वेगाने श्वास घेतात आणि काही प्रदूषकं जिथं दाट असतात त्या जमिनीलगतच्या थरात वावरतात. त्याच अहवालानुसार जगातली १५ वर्षांखालची ९३ टक्के मुलं संघटनेच्या मर्यादेपेक्षा खराब हवेत श्वास घेत होती.

आणि मुलाला सांगता येत नाही. डोकं जड झालं, घसा खवखवतोय, हे चार वर्षांचं मूल कुरकुरीतून सांगतं. आपण म्हणतो, आज हट्टीपणा करतोय.

श्वासाचा हिशेब

दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली घ्या. शहरांत भाड्याच्या जागेत चालणाऱ्या कितीतरी अंगणवाड्या एवढ्याशा खोलीत बसतात. तिच्यात सुमारे ३४ हजार लिटर हवा मावते. या वयाचं मूल गाणी म्हणत, हलत-डुलत तासाला अंदाजे ८ ते १० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं, मोठं माणूस १५ ते २०. पंचवीस मुलं, सेविका आणि मदतनीस यांचा मिळून तासाला अडीचशे लिटर होतो.

हा वायू पीपीएममध्ये मोजतात, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत त्याचे किती भाग. बाहेरच्या मोकळ्या हवेत तो ४२०च्या आसपास असतो. आपली खोली अगदी घट्ट बंद असेल तर तो ४२०वरून १०००वर जायला पाच मिनिटं पुरतात. प्रत्यक्षात फटींतून थोडी ये-जा होते म्हणून जरा जास्त वेळ लागतो, इतकंच.

१०००च का? म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर या वैद्यकाने १८५८मध्ये हा आकडा सुचवला. माणसांनी भरलेल्या खोलीत याच्या वर गेलं की हवा कोंदट वाटू लागते, असं त्याला दिसलं होतं. दीडशेहून जास्त वर्षं तो आकडा टिकून आहे. १००० किंवा २००० पीपीएम म्हणजे विष नव्हे. त्या पातळीला पेंग येते, डोकं जड होतं. आकड्याचा खरा उपयोग वेगळा आहे. खोलीत दुसऱ्यांचे श्वास किती साठलेत ते तो सांगतो. ४००० पीपीएमच्या खोलीत मूल घेत असलेल्या दर अकरा श्वासांतला साधारण एक कुणाच्या तरी फुप्फुसातून आधीच फिरून आलेला असतो.

आता गोवर आठवा. नोव्हेंबर २०२२मध्ये गोवंडीत गोवराची साथ आली तेव्हा दाटीवाटीच्या वस्तीतली लहान मुलं तिच्यात सापडली. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही त्याचा विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. गोवरावर लस हाच मुख्य उपाय, त्यात दुमत नको. पण बालवाडीत दर पंधरवड्याला फिरणाऱ्या साध्या सर्दी-खोकल्यावर लस नसते, तिथं खोलीतली हवाच बदलावी लागते.

किती बदलावी? अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने मे २०२३मध्ये, खोलीतली हवा तासाला किमान पाच वेळा बदलावी, असं सुचवलं. मोठ्या वर्गाला ते ठीक. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत पंचवीस मुलं असताना पाच वेळा बदलली तरी आकडा १९००च्या आसपास राहतो. तो १०००वर ठेवायचा तर तासाला तेरा वेळा बदलायला हवी. म्हणून खोलीत डोकी किती, हे विचारल्याशिवाय हवेबद्दल काही बोलण्यात अर्थ नाही.

यंत्र काय करतं, खिडकी काय करते

आमटी खारट झाली तर ती गाळून काही उपयोग नाही. पाणीच घालावं लागतं. कढीपत्ता मात्र गाळणीने निघतो. खोलीतला कार्बन डायऑक्साइड म्हणजे ते मीठ. कितीही महागडा एअर प्युरिफायर आणा, त्याला तो हात लावू शकत नाही. बाहेरची हवा आत यायला हवी, तेव्हाच तो पातळ होतो. धुराचे कण आणि जंतूंचे थेंब गाळणीत अडकतात, तिथं यंत्राला काम आहे.

छताच्या पंख्याबद्दलही गैरसमज आहे. पंखा आहे ती हवा फिरवतो, त्यामुळे घाम वाळतो. बाहेरचं काही आत आणत नाही की आतलं बाहेर टाकत नाही. भिंतीतला एक्झॉस्ट पंखा मात्र आतली हवा खरोखर बाहेर फेकतो. साधा नऊ इंचीसुद्धा तासाला काहीशे घनमीटर हवा काढतो, आणि आपल्या खोलीची गरज सव्वाचारशेच्या वर आहे. तो बसवायचा असेल तर समोरच्या बाजूला हवा आत यायला वाट हवी, आणि ती वाट शौचालयाकडची किंवा चुलीकडची नको.

खोलीत धूर आणि धूळ आणतं कोण?

सगळ्यात जास्त फायदा इथं आहे, म्हणून जरा थांबून पाहू. सर्वसाधारण सकाळ अशी असते. मदतनीसताई येतात, कुलूप काढतात आणि केर काढायला घेतात. कोरड्या फरशीवर झाडू फिरतो, सतरंजी तिथंच झटकली जाते. तोवर पहिली चार-पाच मुलं आलेली असतात. मग सरस्वतीच्या तसबिरीपुढे उदबत्ती लागते. डास फार असतील तर कोपऱ्यात कॉइल. पाठोपाठ फिनेलचा पोछा. प्रार्थना सुरू व्हायच्या आत त्या खोलीत धूळ, धूर आणि वाफा तिन्ही जमा झालेल्या असतात, आणि हे सगळं झालेलं असतं स्वच्छतेच्या आणि श्रद्धेच्या चांगल्या हेतूने.

केर काढायची वेळ बदलली की अर्धं काम होतं. मुलं घरी गेल्यावर, दारं-खिडक्या उघड्या ठेवून झाडावं. जाड धूळ काही मिनिटांत खाली बसते, बारीक कण तासन्‌तास तरंगतात. रात्रभरात त्यांनाही वेळ मिळतो. सकाळी फक्त ओलं फडकं फिरवावं. सतरंजी बाहेर नेऊन, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून झटकावी. फळा कोरड्या डस्टरऐवजी ओल्या फडक्याने पुसावा. (खडूच्या भुकटीची लोकांना फार भीती असते. तिचे कण बरेचसे जाड असतात. ती टाळावी, पण कॉइल जळती ठेवून खडूची काळजी करण्यात अर्थ नाही.)

मच्छर कॉइलचं तर स्पष्टच सांगायला हवं. चीन आणि मलेशियात विकल्या जाणाऱ्या कॉइल तपासून २००३मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एक कॉइल पूर्ण जळली की तिच्यातून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघणाऱ्या कणांइतके भरतात, असं त्यात आढळलं. वर्गात कोणी सिगारेट ओढली तर आपण पोलिसांत जाऊ. डेंग्यूच्या काळात डासांकडे दुर्लक्ष करा असं मी म्हणत नाही. खिडक्यांना जाळी, कुंड्या आणि टायरमधलं पाणी ओतून देणं, मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे, हे उपाय धुराशिवायचे आहेत. जाळी मात्र महिन्या-दोन महिन्यांनी ब्रशने घासावी. धुळीने बुजलेल्या जाळीतून वारा येत नाही.

उदबत्तीचा विषय नाजूक आहे. घराघरांत बाळाला न्हाऊ घातल्यावर ओवा-वावडिंगाची धुरी द्यायची पद्धत अजून आहे; धूर म्हणजे शुद्धी असं मनात खोल बसलेलं आहे. फुप्फुसाला मात्र धूर कशाचा आहे ते कळत नाही. उदबत्ती, धूप, कापूर यांच्या धुरातही तेच बारीक कण असतात. तसबिरीला फूल वाहून नमस्कार केला तर प्रार्थनेत काही कमी पडत नाही. मुलांनाच ताजं फूल आणायला सांगा, त्यांना ते फार आवडतं.

मग स्वयंपाक. गरम ताजा आहार मुलांना मिळायलाच हवा. पण खिचडी आणि मुलं एकाच खोलीत असतील तर फोडणीचा ठसका मुलांच्याच घशात जातो. चूल असेल तर प्रश्न आणखी गंभीर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगभर ३२ लाख माणसं दगावली. त्यांत पाच वर्षांखालची मुलं २ लाख ३७ हजारांहून जास्त होती. गॅसने धूर पुष्कळ कमी होतो, फोडणीचा धुरळा आणि जळत्या गॅसमधून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड उरतोच. स्वयंपाकाला आडोशाची वेगळी जागा हवी. तेवढी जागा नसेल तर निदान शेगडी खिडकीखाली घ्या, वर एक्झॉस्ट लावा आणि फोडणीच्या वेळी मुलांना अंगणात न्या. चूल बाहेर असेल तर वारा कुठून येतो ते पाहून मांडा. ओसरीतल्या चुलीचा धूर सरळ खिडकीतून आत वळतो.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. कपाटात डांबराच्या गोळ्या नकोत. काही मुलांच्या रक्तात जी६पीडी नावाचं एक द्रव्य जन्मतः कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांमुळे फुटू शकतात. आणि भिंतींची रंगरंगोटी मोठ्या सुट्टीत करून घ्यावी, शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी नव्हे. भारतात १ नोव्हेंबर २०१७पासून घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या वर चालत नाही. त्याआधीचा जुना रंग मात्र पोपडे धरून पडत असेल तर तो कोरडा खरवडू नये. ते शिसं धुळीत मिसळतं आणि मुलांच्या बोटांवरून पोटात जातं.

खिडकी उघडी आहे, तरी हवा का कोंदट?

कारण हवेला आत यायला वाट लागते तशी बाहेर पडायलाही लागते. एकाच भिंतीतली एक खिडकी उघडून फारसं काही होत नाही. समोरासमोरच्या किंवा निदान काटकोनातल्या दोन भिंतींत उघडी जागा हवी, दाराचा त्यात उपयोग करता येतो.

हे तपासायला उपकरण लागत नाही. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीची वीतभर पट्टी कापा आणि उघड्या खिडकीत चिमटीत धरा. आत किंवा बाहेर झुकली तर वारा चालू आहे. लोंबत राहिली तर समोरचं दार उघडून पुन्हा धरा. कुठलं दार उघडल्यावर पट्टी हलते ते कळलं की त्या खोलीचं गणित सुटलं.

बऱ्याच खोल्यांत दुसरी खिडकी असतेच, ती नजरेआड झालेली असते. शिध्याच्या पोत्यांची थप्पी तिच्यासमोर, वर रजिस्टरांचे गठ्ठे, बाजूला वजनकाटा आणि मोडक्या खेळण्यांचं खोकं. कडी गंजलेली, फटी वर्तमानपत्राने बुजवलेल्या. ती थप्पी दुसऱ्या भिंतीला हलवणं आणि कडीला तेलाचा थेंब देणं ही सुधारणा एखाद्या यंत्राच्या तोडीची आहे.

अतिशयोक्ती वाटत असेल तर पेरूमधल्या लिमा शहराचा अभ्यास पाहा. तिथल्या रुग्णालयांत क्षयरोग पसरू नये म्हणून संशोधकांनी खोल्यांमधली हवा मोजली आणि २००७मध्ये निष्कर्ष छापले. दारं-खिडक्या सगळ्या उघडल्यावर हवा तासाला सरासरी २८ वेळा बदलत होती. यंत्राने हवा खेचणाऱ्या खास खोल्यांचा हिशेब तासाला १२चा. पन्नास वर्षांहून जुन्या, उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या इमारतींत तर आकडा ४०पर्यंत गेला. आपल्याकडच्या जुन्या जिल्हा परिषद शाळांच्या कौलारू खोल्या, वर झरोके असलेल्या, या बाबतीत आजच्या काँक्रीटच्या डब्यांपेक्षा सरस होत्या.

"पण बाहेरचीच हवा घाण आहे!"

हा आक्षेप खरा आहे. भारताच्या २००९च्या मानकांप्रमाणे पीएम २.५ची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये ती १५ ठेवली. हिवाळ्यात आपली शहरं ६०ची रेषाही कित्येकदा ओलांडतात.

तरी खिडक्या बंद ठेवणं हे उत्तर होत नाही. एवढे बारीक कण फटींतून आत येतातच. आत गाळणी नसेल तर काही वेळाने आतबाहेर फारसा फरक उरत नाही, वर आतले श्वास साठतात ते वेगळेच. उपयोग होतो तो वेळेचा. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड असते. तिच्यावर कोमट हवेचा थर बसतो आणि धूर खाली कोंडला जातो. ऊन चढलं की हा थर मोडतो, हवा वर उठते. म्हणजे हिवाळ्यात सकाळी आठची हवा बहुधा दुपारी बारापेक्षा वाईट असते. अशा दिवसांत वर्ग तासभर उशिरा भरवता आला तर खर्च शून्य आहे.

रस्त्याकडची खिडकी बंद आणि मागच्या अंगणाकडची उघडी ठेवणं, दारात स्कूलव्हॅनचं इंजिन चालू ठेवू न देणं, शेजारी पालापाचोळा जळत असेल तर जाऊन बोलणं, हेही त्यातच आलं. आणि निर्देशांक फारच बिघडलेल्या दिवसांसाठी यंत्र.

यंत्र घ्यायचंच असेल तर

कण गाळणाऱ्या चांगल्या गाळणीला हेपा म्हणतात, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण ती अडवते. पण खोक्यावरचा बघायचा आकडा वेगळा: सीएडीआर, म्हणजे यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं. खोलीचं घनफळ काढा, सहाने गुणा. आपली खोली ३४ घनमीटर, म्हणजे २०४. यापेक्षा कमी आकड्याचं यंत्र तिथं शोभेचं.

मी तर दीडपट-दुप्पट आकड्याचं घ्या आणि कमी वेगावर चालवा असं सांगेन. हे आवाजासाठी. या वयात मूल शब्दांचे बारकावे ऐकून भाषा शिकतं. घरघरणाऱ्या यंत्राशेजारी ताईंचा 'ळ' आणि 'ल' त्याला कळणार नाही, आणि दिवसभर ओरडून ताईंचा घसा जाईल. कंटाळून मग यंत्र बंदच होतं. गाळणी बदलायचा दरवर्षीचा खर्च आधी विचारा, तो नसेल तर यंत्र घेऊ नका. ओझोन सोडणारी यंत्रं तर मुलांच्या आसपासही नकोत. ओझोनने फुप्फुसाला इजा होते, आणि त्याच्या वासाला लोक ताजेपणा समजतात.

"आमच्याकडे वर्ग वातानुकूलित आहेत"

पुण्या-मुंबईत नर्सरीच्या जाहिरातीत हे ठळक छापलेलं असतं. भिंतीवरचा साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा खेचतो, गार करतो आणि परत सोडतो. बाहेरची हवा तो आणत नाही. गारवा जाऊ नये म्हणून दारं-खिडक्या घट्ट लावलेल्या असतात आणि आत वीस मुलं. माझ्या मते, दोन्ही बाजूंनी उघडी असलेली साधी पत्र्याची अंगणवाडी या बाबतीत अशा वर्गापेक्षा बरी. उन्हाळ्यात एसी लागत असेल तर लावा, पण दर अर्ध्या-पाऊण तासाने मुलांना बाहेर काढून पाच-दहा मिनिटं सगळं सताड उघडा. प्रवेश घेताना पालकांनी विचारावं: एसी चालू असताना बाहेरची हवा कुठून येते? कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र वर्गात मुलं बसतात त्या उंचीला ठेवलं तर उत्तर समोरच दिसेल.

"गार वाऱ्याने सर्दी होते"

सर्दी विषाणूमुळे होते. हिवाळ्यात ती वाढते याचं एक मोठं कारण म्हणजे आपण सगळे दारं लावून एकत्र बसतो. एक अपवाद नीट लक्षात ठेवावा: दमा असलेल्या मुलाला थंड कोरड्या हवेने खरोखर त्रास होऊ शकतो. त्याला वाऱ्याच्या सरळ झोतात बसवू नये, डॉक्टरांनी दिलेला पंप हाताशी असावा. बाकी नाशिक-जालन्याच्या डिसेंबरमध्ये स्वेटर, कानटोपी घाला आणि खिडकी अर्धी उघडी राहू द्या.

"धुळीत खेळूनच पोरं काटक होतात ना?"

मातीत खेळणं चांगलंच आहे. माती, शेण, झाडं, जनावरं यांच्यातल्या जीवजंतूंशी लहानपणी ओळख झाली तर ॲलर्जी कमी होते असं शेतावर वाढलेल्या मुलांच्या अभ्यासांत दिसलं आहे. पण धूर, डिझेलचा काजळीकण आणि कॉइलची राख म्हणजे माती नव्हे. त्यांच्यामुळे कुठलीही प्रतिकारशक्ती येत नाही, फक्त फुप्फुस झिजतं.

कुंडीतल्या रोपांचं थोडक्यात. १९८९मध्ये नासाने बंद पेटीत केलेल्या प्रयोगावरून झाडं घरातली हवा शुद्ध करतात हा समज पसरला. २०१९मध्ये असे बरेच प्रयोग एकत्र तपासले तेव्हा दिसलं की उघड्या खिडकीइतकं काम व्हायला दर चौरस मीटरला १० ते १००० रोपं लागतील. रोपं जरूर लावा, मुलांना पाणी घालायला द्या. हवेचं काम त्यांच्यावर सोडू नका.

पावसाळा

कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर प्रश्नच बदलतो. ओल्या छत्र्या, रेनकोट, न वाळलेली सतरंजी आणि भिंतीतून झिरपणारं पाणी. बुरशीमुळे दमा बळावतो, खोकला लांबतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९मध्ये यावर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली होती. छत्र्या-रेनकोट ओसरीत टांगावेत, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढावं, उघडीप मिळाली की सतरंजी उन्हात टाकावी. आधी गळती काढावी, मग रंग. ओल्या भिंतीवर चढवलेला ऑइलपेंट ओल आत कोंडतो. चुन्याची सफेदी अशा भिंतीला बरी, चुन्यावर बुरशी सहज धरत नाही.

सगळ्यात स्वस्त वर्गखोली

लंडनच्या डेप्टफर्ड भागात रेचेल आणि मार्गारेट मॅकमिलन या बहिणींनी १९१४मध्ये उघड्या हवेतली बालशाळा सुरू केली, कारण गरीब वस्तीतली कोंदट घरं मुलांना आजारी पाडत होती. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी तिथं आणि पुढे कोसबाडला पाड्यांवरच्या मुलांना त्यांच्या अंगणात, गुरं चरायच्या कुरणात शिकवलं. बाहेरची हवा बरी असेल त्या दिवशी गोष्ट, गाणी, मणी ओवणं, मोजणी, चित्रं, सगळं झाडाखाली होऊ शकतं. तेवढा वेळ खोलीही मोकळी होते. दिवसातला तासभर असा गेला तरी श्वासाचा वरचा हिशेब बदलतो.

हे करायचं कोणी?

सगळं मदतनीसताईंवर ढकलणं अन्यायाचं होईल. तुटपुंज्या मानधनात त्या स्वयंपाक करतात, मुलांना घरून आणतात, सफाई करतात. केर काढायची वेळ दुपारनंतर नेली तर त्यांचा निघायचा वेळ लांबतो, त्याचा मोबदला ठरवायला हवा. जाळी, एक्झॉस्ट, बिघडलेली कडी हा ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या दुरुस्तीखर्चाचा भाग असायला हवा, ताईंच्या पर्सचा नव्हे.

फ्रान्समध्ये सहा वर्षांखालच्या मुलांची पाळणाघरं आणि प्राथमिक शाळांना १ जानेवारी २०१८पासून खोलीतल्या हवेवर लक्ष ठेवणं बंधनकारक झालं. मोठ्या वर्गांची पाळी त्यानंतर आली. लहानांना पहिला मान दिला. २०२३पासून तिथं दरवर्षी खेळत्या हवेची तपासणी होते आणि त्यात कार्बन डायऑक्साइड मोजतात. आपल्याकडे बाहेरच्या हवेला मानकं आहेत, वर्गखोलीतल्या हवेला तशी सक्ती नाही. पर्यवेक्षिका भेटीला येतात तेव्हा हजेरी, मुलांची वजनं, शिध्याचा साठा तपासतात. त्याच तक्त्यात तीन रकाने वाढवता येतील: समोरासमोरची दोन दारं-खिडक्या उघडतात का, मुलं असताना खोलीत काही जळतं का, आणि भिंतीला ओल आहे का. तिन्हींची उत्तरं दारात उभं राहून मिनिटभरात मिळतात.